गाडी वळली त्या गुरुवारी

वाचकाचं पत्र

मी ४२ वर्षांचा, नाशिकला सिडकोत राहतो, सातपूरच्या एका कंपनीत मशीन ऑपरेटर आहे. दारू सोडून आठ महिने झाले. महिनाभर व्यसनमुक्ती केंद्रात अ‍ॅडमिट होतो. बाहेर आल्यावर एएच्या (अल्कोहोलिक्स अनॉनिमस, दारू सोडलेल्यांचा गट) मीटिंगला नेमाने जायचो, पण दोन महिन्यांपासून बंद झालं. शिफ्ट जमत नाहीत, आणि खरं सांगायचं तर तेच तेच ऐकायचा कंटाळा आलाय. डॉक्टरांनी दिलेली डायसल्फिरमची गोळीसुद्धा (ती घेत असताना प्यायलं तर त्रास होतो) माझी मीच बंद केली, आता गरज काय म्हणून.

पण काहीतरी बिनसलंय. झोप लागत नाही. स्वप्नात मी पितो आणि दचकून उठतो, तोंडाला वास येतोय का बघतो. घरात सगळ्यांवर ओरडतो. परवा बायको म्हणाली, "पीत होतात तेव्हा निदान गप्प झोपत तरी होतात."

मागच्या गुरुवारी फर्स्ट शिफ्ट संपवून साडेतीनला निघालो. गुरुवारचा उपास, सकाळपासून चहावरच होतो. आदल्या आठवड्यात नाइट असल्याने झोपेचं खोबरं झालेलं. रिजेक्शनवरून सुपरवायझरशी वाजलं होतं. बायको-मुलं सिन्नरला, तिच्या माहेरी गेलेली. पगार एक दिवस आधी झालेला. सरळ घरी यायचं सोडून मी गाडी जुन्या रस्त्याला घातली, जिथे माझा नेहमीचा बार आहे. का घातली, माहीत नाही. थांबलो नाही, पण तेव्हापासून भीती बसलीय.

पुढच्या महिन्यात मेव्हण्याचं लग्न आहे. आदल्या रात्री हळद. हळदीला काय चालतं ते तुम्हाला माहीत आहे, आणि मी घरचा जावई. माझा मनोनिग्रह कमी पडतोय का? केंद्रात सांगायचे, स्वतःची काळजी घ्या, स्वतःकडे लक्ष ठेवा. कारखान्यात काम करणाऱ्या माणसाने म्हणजे नेमकं काय करायचं?

उत्तर

नमस्कार.

गाडी का वळवली ते माहीत नाही असं तुम्ही लिहिलंय, आणि त्याच्या आधीच्या पाच वाक्यांत सगळी कारणं ओळीने मांडून ठेवलीयत. पोटात अन्न नाही. झोप नाही. डोक्यात राग. घरी कुणी वाट बघणारं नाही. वर खात्यात ताजा पगार. एएच्या मीटिंगमध्ये 'हॉल्ट' हा शब्द तुम्ही नक्की ऐकला असेल. भूक, राग, एकटेपणा आणि थकवा, यांतलं एक जरी आलं तरी थांब, असं तिथे सांगतात. तुमच्याकडे त्या दिवशी चारही हजर होते. साडेतीनला गेटबाहेर पडताना तुम्हाला फक्त गाडी आणि रस्ता दिसत होता, पण त्या वळणाची तयारी सकाळच्या पहिल्या रिकाम्यापोटी चहापासून चालली होती.

म्हणून मनोनिग्रहाचा प्रश्न मी आधी बाजूला काढते. बारसमोरून गाडी न थांबवता घरी आणलीत, आणखी किती मनोनिग्रह हवा? तो तुमच्यात भरपूर आहे. अडचण अशी की तो उपाशी, जागरण झालेल्या, चिडलेल्या माणसाकडे फार वेळ टिकत नाही. तुमच्याकडे नाही, माझ्याकडे नाही, कुणाकडेच नाही. त्याची परीक्षा रोज घ्यावी लागेल असं जगणं म्हणजे एक ना एक दिवस नापास होणं.

अ‍ॅलन मार्लॅट नावाचे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ होते. व्यसन सुटल्यावर माणूस पुन्हा का घसरतो, यावर त्यांनी आयुष्यभर काम केलं. १९८५च्या त्यांच्या मांडणीत एक भाग मला नेहमी कामाला येतो: वरवर निरुपद्रवी दिसणारे छोटे निर्णय. ते जुगार सोडलेल्या एका गृहस्थाचं उदाहरण देत. प्रवासात वाट थोडी वाकडी करून तो रेनो या जुगाराच्या शहरात पोचतो, पार्किंगच्या मीटरसाठी सुटे पैसे हवेत म्हणून कॅसिनोत शिरतो, आणि मग जे व्हायचं ते होतं. प्रत्येक पावलाला त्याच्याकडे सभ्य कारण होतं. तुमचेही असे निर्णय बघा. शिफ्ट जमत नाही म्हणून मीटिंग सुटली. गरज नाही म्हणून गोळी सुटली. उपास म्हणून जेवण सुटलं. यांत दारूचं नाव कुठेच नाही. पण तीन महिन्यांपूर्वी तुमच्या आणि त्या बारच्या मध्ये जी माणसं आणि ज्या सवयी उभ्या होत्या, त्या एकेक करून बाजूला झाल्या, आणि त्या तुम्हीच केल्यात.

तुमची भीती मला चांगली वाटते. न थांबता घरी आलो म्हणजे जिंकलो, असं समजून पत्र लिहिलं नसतंत तर मला जास्त काळजी वाटली असती.

आता 'स्वतःची काळजी' या प्रकरणाकडे येऊ. हे शब्द हल्ली तेल, साबण आणि रिसॉर्टच्या जाहिरातींत इतके वापरले जातात की कामकरी माणसाला ते आपले वाटत नाहीत. तुमच्यासाठी त्याचा अर्थ डब्यापासून सुरू होतो. उपास सोडा असं मी म्हणणार नाही, श्रद्धा तुमची आहे. पण फर्स्ट शिफ्टला नुसत्या चहावर आठ तास काढणं हे गुरुवारच्या नेमात कुणी सांगितलेलं नाही. साबुदाण्याची खिचडी, राजगिऱ्याचा लाडू, दोन केळी, मूठभर शेंगदाणे, ताक. डबा भरून न्या आणि साडेअकराच्या सुमाराला खा. दारूच्या दिवसांत शरीराला भूक आणि तल्लफ यांतला फरक कळेनासा झालेला असतो. कित्येकांना पोट रिकामं असलं की प्यावंसं वाटतं, आणि पोळीभाजी खाल्ली की पंधरा मिनिटांत ती इच्छा विरते, तेव्हा त्यांना कळतं की ही नुसती भूक होती. लिव्हरचा त्रास निघाला असेल तर मात्र उपास करायचा की नाही हे डॉक्टरांना विचारूनच ठरवा.

झोपेचं दुखणं खरं आहे, आणि ते तुमच्या एकट्याचं नाही. वर्षानुवर्षं दारूने झोपवलेल्या मेंदूला आपणहून झोपायला पुन्हा शिकावं लागतं. त्याला महिने लागतात, काहींना वर्षही लागतं. फिरत्या शिफ्ट असतील तर आणखी. नाइटच्या शेवटच्या तीन-चार तासांत चहा बंद करा. सकाळी घरी येऊन मोबाईल न बघता, खिडकीला जाड पडदा लावून झोपा, आणि ही झोप घरात कुणी मोडायची नाही असं सगळ्यांना सांगून ठेवा. शिफ्ट बदलते त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी तुम्ही कच्चे आहात असं धरून चाला. त्या दोन दिवसांत कुणाशी हिशेब, भांडण, मोठी खरेदी काही काढायचं नाही. मेडिकलमधून मनाने झोपेची गोळी मात्र घेऊ नका. त्यातल्या बऱ्याच गोळ्यांची सवय दारूसारखीच लागते, आणि दारू सोडलेल्या माणसाला लवकर लागते.

स्वप्नांचं म्हणाल तर ती बऱ्याच सोबर माणसांना पडतात. तुमचे जुने मीटिंगवाले मित्र यावर हसतील, कारण त्यांनीही पहाटे उठून स्वतःचा वास घेतलेला असतो. स्वप्नात प्यायल्याचा गुन्हा लागत नाही. पण अशी स्वप्नं एका आठवड्यात सारखी पडायला लागली तर तेवढी खूण समजा आणि कुणाला तरी सांगा.

राग हा या सगळ्यांत अवघड, त्यावर जरा जास्त लिहिते. सुपरवायझरशी रिजेक्शनवरून वाजलं असं तुम्ही लिहिलंय. माल खरंच खराब निघाला होता की नाही हे मला माहीत नाही. पण माझा अंदाज असा की तुम्हाला मालापेक्षा त्याची नजर टोचली. पीत होता त्या वर्षांत चूक झाली की मान खाली घालायची सवय होती, कारण दोष आपलाच असायचा. आता आठ महिने तुम्ही जिवाचं रान करताय आणि समोरचा अजून जुन्याच माणसाशी बोलतोय. घरातही तेच. बायको जवळून जाताना श्वास ओढते, खिसे चाचपते, उशिरा आलात की आधी डोळे बघते. मनात येतं, मग सोडून मिळवलं काय?

हा विचार ओळखून ठेवा. पुन्हा पिण्याआधी बहुतेक जण याच वाक्यावरून गेलेले असतात. त्याला उत्तर वादात नाही, वेळेत आहे. कित्येक वर्षं जे घडलं ते घरच्यांच्या अंगात मुरलेलं असतं, ते आठ महिन्यांत कसं निघेल? बायको खिसे चाचपते तेव्हा तिला तुमचा अपमान करायचा नसतो. तिला त्या रात्री झोपायचं असतं.

आणि तिचं ते वाक्य. ते तुम्हाला फार लागलंय, पत्रातून दिसतं. तुम्ही पुन्हा प्यावं असं तिला वाटत नाही. तिला म्हणायचंय की बाटली गेली पण घरातलं दडपण गेलं नाही. हे तिचं म्हणणं बरोबर आहे, आणि तुम्हाला ते ऐकून घ्यावं लागेल. तिलाही जागा हवी. दारूड्याची बायको म्हणून ती जे जगली ते तिने कुणाला सांगितलंय? एएच्या जोडीने कुटुंबीयांसाठी अल-अ‍ॅनॉनच्या मीटिंग असतात. पुण्यात डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी १९८६ साली मुक्तांगण सुरू केलं, तिथे रुग्णांच्या पत्नींसाठी सहचरी नावाचा गट चालतो. तुम्ही जिथे होता त्या केंद्रात असं काही आहे का ते तिने विचारावं. तिने जावं म्हणून तुम्ही मागे लागू नका, फक्त माहिती द्या. आणि ती गेली तर त्या दिवशीचा स्वयंपाक तुम्ही करा.

केंद्रात डायरी लिहायला सांगितली असेल आणि ती चार दिवसांत बंद पडली असेल. बहुतेकांची पडते. मी लांबलचक डायरी सांगत नाही. रात्री झोपण्याआधी एका ओळीत चार गोष्टी लिहा: किती तास झोपलो, काय खाल्लं, कुणाचा राग आला, आज कुणाशी मोकळं बोललो. बस. पुस्तकी आत्मपरीक्षण नको. रविवारी सात ओळी एकाखाली एक वाचा. ज्या आठवड्यात 'बोललो' या रकान्यात सलग तीन दिवस काहीच नसेल, तो आठवडा धोक्याचा. तुमचे गेले दोन महिने कसे दिसले असते, याचा तुम्हीच विचार करा.

बोलायचं कुणाशी? तुमचा स्पॉन्सर, म्हणजे एएमधला तुम्हाला आधार देणारा जुना सोबर माणूस, असेल तर त्याच्याशी. आता इतक्या दिवसांनी कुठल्या तोंडाने फोन करू, असं वाटत असेल. करा. तो तोंड बघणार नाही. आणि काही घडलेलं नसताना करा, 'कामावरून निघालोय, पोहे खातोय' एवढंच सांगायला. कारण तल्लफ आली की फोन उचलवत नाही, आणि ज्याला रोज फोन करायची सवय आहे त्याचाच हात अशा वेळी तिकडे जातो. तल्लफेचं एक लक्षात ठेवा: ती चढते, शिखराला जाते आणि उतरते, बहुधा अर्ध्या तासाच्या आत. तेवढा वेळ जागा बदलून, काहीतरी खाऊन, कुणाशी बोलून काढायचा असतो.

मीटिंगचा कंटाळा आलाय म्हणता. मला मान्य आहे, काही मीटिंग कंटाळवाण्या असतात. पण एएची सुरुवात कशी झाली हे तुम्ही ऐकलं असेल, एकदा तुमच्या गुरुवारच्या शेजारी ठेवून बघा. मे १९३५. बिल विल्सन हा न्यू यॉर्कचा शेअर बाजारातला माणूस, दारू सोडून थोडेच महिने झालेले. धंद्याच्या कामासाठी ओहायोतल्या अ‍ॅक्रन शहरात आला आणि तो व्यवहार फसला. परक्या गावातलं हॉटेल, खिशात फारसे पैसे नाहीत, सोबत कुणी नाही, आणि लॉबीच्या एका बाजूला बारमधला गलबला. दुसऱ्या बाजूला फोन होता. त्याने फोन धरला आणि चर्चच्या यादीतले नंबर फिरवत राहिला. त्याला बोलायला दुसरा दारुडा हवा होता. त्यातून डॉ. बॉब हे तिथले दारूत अडकलेले डॉक्टर भेटले. बिल त्यांना सुधारायला गेला नव्हता, स्वतः त्या रात्री पिऊ नये म्हणून गेला होता. जून १९३५ मध्ये डॉ. बॉबनी शेवटचा घोट घेतला, तो दिवस एएचा जन्मदिवस मानतात.

तेव्हा तुम्हाला नवं ऐकायला मिळत नसेल तर ऐकायला जाऊ नका, कामाला जा. खुर्च्या मांडा, चहा करा, आठ दिवसांच्या माणसाशेजारी बसा. त्याच्यासाठी आठ महिने म्हणजे डोंगर आहे. शिफ्टची अडचण असेल तर वेगवेगळ्या वारी, वेगवेगळ्या वेळी भरणाऱ्या मीटिंग शोधा, ऑनलाइनही असतात.

गोळीबद्दल मात्र मी कडक बोलणार आहे. लग्नाच्या आधी तुमच्या मानसोपचारतज्ज्ञांची ओपीडी गाठा आणि गोळी बंद केल्याचं सरळ सांगा. ती पुन्हा सुरू करायची की तल्लफ कमी करणारं दुसरं औषध द्यायचं, हे ते तुमच्या लिव्हरच्या तपासण्या बघून ठरवतील. घरात उरलेल्या गोळ्या आपल्याआपण सुरू करू नका. डायसल्फिरम चालू असताना दारू पोटात गेली तर अंग लाल होणं, धडधड, उलट्या, रक्तदाब घसरणं असं काहीही होतं आणि जिवावरही बेततं. शेवटच्या गोळीनंतर दोन आठवड्यांपर्यंत हा धोका राहतो. अल्कोहोल असलेलं खोकल्याचं औषधसुद्धा चालत नाही. जाता जाता, हे वाचणाऱ्या इतर घरांसाठी: 'रुग्णाच्या नकळत दारू सोडवा' अशा जाहिराती बघून चहाभाजीत पावडरी मिसळू नका. कळत घेतलेली गोळी आधार असते, नकळत दिलेली गोळी विष ठरू शकते.

पैशाचं थोडक्यात. पूर्वी पगाराच्या दिवशी खिसा रिकामा ठेवून निघायची युक्ती चालायची. आता मोबाईलमध्ये सगळा पगार असतो. यूपीआय ज्या खात्याला जोडलंय त्यात आठवड्याच्या पेट्रोल-चहापुरतं ठेवा, बाकी पगार आल्या दिवशीच दुसऱ्या खात्यात जाईल असं बँकेतून लावून घ्या. हे बायकोने लावलेलं बंधन म्हणून नको, तुम्ही स्वतः केलेली सोय म्हणून करा. फरक पडतो.

आता हळद. माझं मत स्पष्ट आहे: हळदीच्या रात्री तुम्ही तिथे राहू नये. आठ महिन्यांच्या सोबर माणसाने डीजेच्या मागच्या शेतात, गाड्यांच्या डिक्क्या उघडून चाललेल्या बैठकीशेजारी जावईपण मिरवायची काही गरज नाही. संध्याकाळी लवकर जा, नवरदेवाला हळद लावा, जेवा आणि नऊच्या आत नाशिकला परत या, अंतर तेवढंच आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी मुहूर्ताला सर्वांच्या आधी हजर राहा. मानपान, पाहुणे, पंगत, सगळं बघा. जावई दिसायचा असेल तर तिथे दिसतो.

हे बायकोशी आत्ताच बोला, लग्नघरात नको. माहेर तिचं आहे, 'जावई थांबले नाहीत' हे ऐकून घ्यायला तिलाच लागणार, म्हणून कारण काय सांगायचं ते दोघांनी मिळून ठरवा. जमलं तर सासऱ्यांना किंवा मेव्हण्याला खरं सांगून ठेवा. त्यांना बहुधा ठाऊकच असतं आणि त्यांनाच सगळ्यात जास्त बरं वाटेल. गाडी स्वतःची न्या, किल्ली स्वतःकडे ठेवा, कुणाच्या गाडीत अडकू नका. हातात पहिल्यापासून ताकाचा नाहीतर पाण्याचा ग्लास असू द्या. आग्रह होणारच, 'एवढ्याशाने काय होतंय दाजी' म्हणणारा एक तरी भेटणारच. त्याला व्यसनमुक्तीवर भाषण देऊ नका. 'औषध चालू आहे, डॉक्टरांनी बंद केलीय' एवढं म्हणा, आणि तिसऱ्यांदा आग्रह झाला तर बोलत न बसता उठून दुसरीकडे जा. आग्रह करणाऱ्याला राग आला तर येऊ दे, तो सकाळी उतरतो.

आणि समजा, घसरलात. मला ते व्हायला नकोय, पण त्याची तयारी न करणं हा निष्काळजीपणा होईल. एक ग्लास गेला की मन म्हणतं, 'आता गेलेच आठ महिने, मग पुरतीच होऊ दे.' घसरण्यापेक्षा हे वाक्य जास्त नुकसान करतं. एका ग्लासानंतर थांबणं आणि चार दिवसांनी थांबणं यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. त्याच रात्री स्पॉन्सरला किंवा बायकोला सांगा. तुमचं शरीर आता जुन्या मापाला सरावलेलं नाही, जुना कोटा गेला तर ते झेपणार नाही. आणि पिणं काही दिवस चाललं असेल तर घरात कोंडून घेऊन एकदम बंद करू नका. हातपाय थरथरणं, फिट येणं, भ्रम होणं यांचा धोका असतो, दवाखान्यातच बंद करायची. रात्री-अपरात्री कुणी नाही मिळालं तर टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ आणि व्यसनमुक्तीचा १४४४६, हे दोन्ही नंबर मोबाईलमध्ये आज सेव्ह करा. दोन्ही टोल-फ्री आहेत.

एक काम मात्र उद्या कामावर गेल्या गेल्या करा. पुढच्या महिन्याचा शिफ्टचा चार्ट बघा. हळदीच्या आदल्या आठवड्यात तुमची नाइट लागत असेल तर आत्ताच कुणाशी तरी अदलाबदल करून घ्या. लग्नसराईत नंतर कुणी मिळत नाही.